मॉरिस, फियाट आणि अभनपूरच्या महालक्ष्म्या

आमच्या घरात दोन मोटारी होत्या असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच आदर दिसू लागतो, म्हणून पुढचं वाक्य मी घाईने बोलून टाकते. एक अण्णांची मॉरिस मायनर आणि दुसरी बाळकाकाची फियाट. दोन्ही माझ्याहून वयाने बऱ्याच मोठ्या, दोन्ही कुणीतरी वापरून कंटाळल्यावर आमच्याकडे आलेल्या. अण्णा म्हणजे माझे वडील, बाळकाका त्यांचा धाकटा भाऊ. रायपुरात ब्राह्मणपारा नावाच्या वस्तीत एका घराचे दोन भाग करून ते राहत, आणि बाजूच्या बोळात पत्र्याच्या शेडखाली दोन्ही गाड्या एकीमागे एक उभ्या असत. मागची काढायची तर पुढची आधी काढावी लागे. त्यामुळे दोघा भावांचं रोज सकाळी बोलणं होई, आणि ते बोलणं गाड्यांबद्दलच असे.

मॉरिस जन्माने इंग्रज, फियाट इटलीची. दोन्ही देश या भावांनी पाहिले नव्हते, पण बोलताना त्या देशांची जबाबदारी आपल्यावर असल्यासारखे बोलत. मॉरिसचा गिअर खाली जमिनीतून वर येई, फियाटचा स्टिअरिंगच्या दांड्याला लागलेला. अण्णांचं म्हणणं, गिअर जमिनीतून आला पाहिजे, झाडही जमिनीतूनच येतं. बाळकाका म्हणे, "दादा, कोणता शहाणा माणूस गाडी चालवता चालवता वाकून पायाजवळ हात घालते?" मॉरिसला दरवाजे दोन, फियाटला चार. मागे बसायचं तर मॉरिसची पुढची सीट दुमडून आत घुसावं लागे, आणि काकू त्या एका कारणावरून दहा वर्षं मॉरिसमध्ये बसली नव्हती. मॉरिसचं वेगाचं घड्याळ समोर नसून मधोमध होतं. अण्णा म्हणत, वेग काय एकट्या ड्रायव्हरचा असतो, सगळ्यांनी पाहावा. हे सगळं सकाळच्या चहावर आणि आईच्या सांज्यावर चाले. सांजा दोघांनाही तिखटच हवा असे, तिथे त्यांचं एकमत होतं. आईला कुणी मत विचारलं की ती म्हणे, "दोन्हीत बसून पाहिलं. दोन्हीतून उतरल्यावर बरं वाटते."

मॉरिसला इशाऱ्याचे दिवे नव्हते. दोन दरवाज्यांच्या मागे खांबात छोटे हात दडवलेले असत, वळायच्या बाजूचा हात बाहेर निघे. डावीकडचा हात मी लहान असतानाच अडकून बसला तो बसलाच. म्हणून डावीकडे वळायचं असलं की शेजारी बसणाऱ्याने खिडकीतून स्वतःचा हात काढायचा, ही आमच्या गाडीची रीत होती. पुढे ते काम माझ्याकडे आलं. कॉलेजात जायच्या वयाची मुलगी बापाच्या शेजारी बसून खिडकीतून हात हलवते आहे, याचं पाऱ्यातल्या कुणालाही आश्चर्य वाटत नव्हतं. त्याचा आम्हाला पुढे फार उपयोग झाला.

आता खरं सांगते. अण्णांना दिसत नव्हतं. अगदी ठार अंधत्व नव्हे. नजरेच्या मधोमध धूर धरला होता आणि कडेचं तेवढं दिसे. रस्त्याची कड दिसे, घरांच्या भिंती दिसत, समोरून येणारा माणूस दिसत नसे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. मी सतरा वर्षांची असताना एका सकाळी त्यांनी नागपूरहून एक दिवस उशिरा येणारं मराठी वर्तमानपत्र माझ्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "वाच मोठ्यानं. तुझी मराठी हिंदी होऊन राहिली." मराठी खरंच हिंदी होत होती, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. पुढे गाडीत त्यांनी विचारलं, "काटा कितीवर आहे?" काटा मधोमध होता, मी सांगितला. मग विचारलं, "समोर काय आहे?" मी म्हटलं, गाय. ते थांबले. अशी सुरुवात झाली; पुढे कचेरीचे कागदही ते घरी आणून माझ्याकडून वाचून घेऊ लागले. दोन वर्षांत मी "गाय", "रिक्षा", "खड्डा", "लाल", "हिरवा" एवढेच शब्द हजारो वेळा बोलले असेन. रायपूरच्या गल्ल्या त्यांना पाठ होत्या, उरलेलं मी पुरवत होते, आणि आम्ही दोघं मिळून एक बरा ड्रायव्हर होतो. हे आज लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो. एखादं मूल मध्ये आलं असतं तर, हा विचार मला तेव्हाही येई आणि मी तो कुणाला सांगत नसे. कारण एकदा, फक्त एकदा, मी म्हटलं होतं, "अण्णा, डॉक्टरकडे जाऊ." ते म्हणाले, "डॉक्टर पहिले गाडी बंद करते. मग नोकरी. मग माणसाले बाजेवर बसवते." माझे वडील घाबरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले आणि मला ते सहन झालं नाही.

अशात नवं राज्य झालं आणि रायपूर त्याची राजधानी झालं. पेढे वाटले, फटाके फुटले, आणि दुसऱ्या दिवसापासून रस्ते खणायला सुरुवात झाली. जिथून डोळे मिटून वळता येई तिथे डिव्हायडर आले. चौकांचे गोल झाले, सरळ रस्ते एकेरी झाले, लाल दिव्यांच्या गाड्या जायच्या म्हणून बांबू आडवे पडू लागले. बाळकाकाला या सगळ्याचा अभिमान होता. अण्णांची मात्र पाठ केलेली कविता कुणीतरी ओळी खालीवर करून छापावी तशी गत झाली. ते हळू चालवू लागले. लोकांना वाटे, वय झालं. मी रात्रभर कूस बदलत असे.

पुढे श्रावणात सरकारी माणसं आमच्या गल्लीत आली आणि भिंतींवर चुन्याच्या रेघा मारून गेली. रस्ता रुंद होणार होता. रेघ आमच्या शेडच्या बरोबर कमरेतून गेली. मागे एक गाडी राहील एवढीच जागा उरणार होती. गल्लीत लोक ओटे आणि दुकानं जाणार म्हणून रडत होते, आणि आमच्या घरी एकच प्रश्न होता, मॉरिस की फियाट.

निकाल लावायची कल्पना बाळकाकाची. आमच्याकडच्या महालक्ष्म्या भावांमध्ये आळीपाळीने बसतात. आदल्या वर्षी आमच्याकडे होत्या, त्या वर्षी अभनपूरला थोरल्या काकांकडे जायच्या होत्या. हे दोघांपेक्षाही मोठे, तिकडे त्यांची शेती आणि धानाचा व्यापार. पितळी मुखवटे आमच्या घरी होते, ते पोचवायचे होते. बाळकाका म्हणाला, "दोन बहिणी, दोन गाड्या. ज्येष्ठा तुझ्या गाडीत, कनिष्ठा माझ्या. जी गाडी पहिले पोचली ते राहीन. दुसरी विकायची." अण्णा म्हणाले, "मंजूर." आई आधीच अभनपूरला स्वयंपाकाच्या मदतीला गेली होती, नाहीतर तिने दोघांना गप्प केलं असतं. काकूने विचारलं, "देवाले असं वेगवेगळं नेतात का?" पण तिला चार दरवाज्यांच्या गाडीत बसायचं होतं, म्हणून तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

माझ्या मनात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. मॉरिस हरायला हवी होती. मॉरिस हरली की विकली जाईल, अण्णा घरी बसतील, आणि कुणाला काही कळणार नाही. त्यांची अब्रू राहील, माझी सुटका होईल. मॉरिस जिंकली तर हे असंच चालू राहील, कुणीतरी चाकाखाली येईपर्यंत. त्या गाडीवर माझा जीव होता, आणि मी ज्येष्ठेचा खणात गुंडाळलेला मुखवटा मांडीवर घेऊन ती हरावी म्हणून त्याच देवीची प्रार्थना करत होते.

दुपारची जेवणं करून निघालो. फियाट पुढे, मॉरिस मागे. अभनपूरचा रस्ता शहराच्या दक्षिणेला. पहिल्याच चौकात फियाट वळून दिसेनाशी झाली. अण्णांनी विचारलं, "बाळ कुठं गेला?" आणि माझ्या तोंडून निघालं, "रस्ता खणला आहे अण्णा. आपल्याले फिरून जावं लागीन." त्या दिवसांत रायपुरात कुठलाही रस्ता खणला आहे असं म्हटलं तर ते खोटं ठरणं कठीण होतं. मी त्यांना उलट्या बाजूला वळवलं. एकदा खोटं बोललं की पुढच्या चौकात दुसरं बोलावं लागतं. डावीकडे, पुन्हा डावीकडे, आता सरळ. मला वाटत होतं, अर्धा तास फिरवीन, मग हळूच रस्त्याला लावीन. पण मलाही नवे एकेरी रस्ते कुठे ठाऊक होते. स्टेशन मागे गेलं, रेल्वेच्या पुलाखालून गेलो, आणि ट्रकांच्या रांगांमध्ये गाडी अशी अडकली की पुढेही नाही आणि मागेही नाही.

अण्णांनी इंजिन बंद केलं. बाहेर हमाल ओरडत होते, पोती आपटत होती, भुशाचा वास येत होता. ते थोडा वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "शुभा, आपण गुढियारीत काहून आलो?"

गुढियारी म्हणजे स्टेशनापलीकडचा धान्यबाजार, अभनपूरच्या नेमका उलट दिशेला.

"पुलाखालून गेलो तेव्हाच समजलं मले. आवाज फिरते तिथं. म्हटलं पाहू, पोट्टी कुठं घेऊन जाते."

"तुम्ही हरावं म्हणून," मी म्हटलं. आणि मग मला रडू फुटलं, आणि दोन वर्षांचं सगळं बाहेर आलं. कॉलेजात लक्ष लागत नाही, झोपेत मी "गाय, गाय" म्हणून ओरडते, तुम्ही कुणाला तरी माराल, आणि ते मीच मारलेलं असेल. एक हमाल खिडकीशी वाकून छत्तीसगढीत काय झालं म्हणून विचारू लागला, "का होगे दीदी?" अण्णांनी त्याला सांगितलं, "कुछ नहीं भैया, रास्ता भूल गए." तो म्हणाला, "हव, अब सब भूलथें," हल्ली सगळेच रस्ता चुकतात म्हणे, आणि त्याने ओरडून दोन ट्रक हलवून आम्हाला जागा करून दिली.

जागा झाली तरी अण्णा गाडी सुरू करेनात. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मग दार उघडून उतरले, गाडीला हात लावत लावत पुढून फिरून माझ्या बाजूला आले आणि म्हणाले, "सरक तिकडे. देवी माझ्याजवळ दे." मी म्हटलं, मला शेडमधून गाडी मागे घेण्यापलीकडे काही येत नाही. ते म्हणाले, "तुले दिसते ना? बाकी मले येते." नंतर म्हणाले, "घरी काही सांगायचं नाही. गुडघा दुखत होता म्हणायचं."

गुढियारी ते अभनपूर मी मॉरिस चालवली. लायसन्स नव्हतं. ते विचारायला हवं होतं, हे आम्हाला दोघांना दुसऱ्या दिवशी सुचलं. अण्णा मुखवटा मांडीवर घेऊन डोळे मिटून इंजिन ऐकत होते. "आता क्लच. आता दुसरा. ओढू नको, तिले मागू दे, मग दे." गाडी बंद पडली की मागून ट्रक भोंगा वाजवत, आणि अण्णा शांतपणे म्हणत, "त्याचीही पडत असन कधी." भादव्यात आमच्याकडची सगळी गुरं कोरड्या जागेसाठी डांबरावर येऊन बसतात. प्रत्येक कळपापाशी मी थांबे आणि प्रत्येक वेळी नव्याने निघावं लागे. डावीकडे वळायचं असलं की अण्णा खिडकीतून हात काढत. दुसऱ्या गिअरच्या वर मी गेले नाही. छोट्या लाइनीची, म्हणजे नॅरोगेजची, आगगाडी आमच्याबरोबर निघाली आणि आमच्या पुढे गेली. पण एक सांगते, त्या दीड तासात दोन वर्षांत पहिल्यांदा मला जे दिसत होतं त्यावर मीच ब्रेक लावत होते. भीती होती, पण ती साधी, गाडी चालवण्याची भीती होती.

थोरल्या काकांच्या फाटकाशी पोचलो तेव्हा सूर्य मावळायला टेकला होता आणि फियाट फाटकाबाहेरच उभी होती. आत काकू, मांडीवर कनिष्ठा, चेहरा देवीपेक्षा स्थिर. दोन तासांहून जास्त वेळ ती तशीच बसली होती. कारण गाड्या पळवायच्या भरात दोघा भावांना जे आठवलं नव्हतं ते थोरल्या काकूंनी फाटकातच सांगितलं होतं. धाकटी एकटी आत येत नाही. मोठी पुढे, धाकटी मागे, अशाच दोघी उंबरा ओलांडतात. तोवर काकूने उतरायचं नाही. चारी दरवाजे उघडे होते आणि एकाचाही तिला उपयोग नव्हता.

अण्णा डाव्या दाराने उतरले, मी उजव्या. सगळ्यांनी ते पाहिलं. बाळकाका म्हणाला, "पोट्टीनं चालवली?" अण्णा म्हणाले, "गुडघा दुखत होता." पण मुहूर्ताची वेळ निघून चालली होती. आईने ज्येष्ठा घेतली, काकूने कनिष्ठा. कुंकवाच्या पावलांवरून, थाळी वाजवत, मोठी पुढे आणि धाकटी मागे अशा दोघी आत गेल्या. भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. आरतीचं तबक खाली ठेवल्या ठेवल्या थोरल्या काकांनी निकाल दिला. ते धानाचे व्यापारी, त्यांना तोंडी सौद्याची सवय. "उंबरा पहिले कोणी ओलांडला? ज्येष्ठेनं. ज्येष्ठा कशात आली? मॉरिसमध्ये. मॉरिस राहीन. कोण चालवीन, किती वाजता पोचन, अशी अट कोणी घातली नव्हती. पोचणं म्हणजे घरात येणं. फाटकाबाहेर कोणीही दिवसभर उभं राहू शकते."

मला वाटलं, आता संपलं. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांनी गप्प बसायचं होतं फक्त. गुडघा दुखत होता, मॉरिस जिंकली होती, देवीच्या समोर निकाल लागला होता.

बाळकाका भांडेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो भांडला नाही. खिशातून फियाटची किल्ली काढून त्याने थोरल्या काकांच्या पुढे ठेवली. "ठीक आहे दादा," तो अण्णांना म्हणाला, "तुझी राहू दे. मी पाहतो गिऱ्हाईक." आणि मान फिरवून पावलांचं कुंकू पुसलं गेलं की नाही ते पाहू लागला. पन्नाशीचा माणूस, पण नाक ओढत होता.

अण्णा म्हणाले, "बाळ, किल्ली उचल."

"नाही, ठरलं ते ठरलं."

"उचल म्हणतो. मले दिसत नाही." थोरल्या काकांच्या पुढची किल्ली त्यांनी चाचपून बाळकाकाकडे सरकवली. "दोन वर्षांपासून दिसत नाही. ही पोट्टी पाहत होती, मी चालवत होतो. आज तिनं मले गुढियारीत नेऊन सोडलं, चांगलं केलं. मॉरिस विकून टाका."

आईच्या हातात आंबिलाचं पातेलं होतं, उद्यासाठी भिजवलेलं पीठ. तिने ते खाली ठेवलं, माझ्यासमोर येऊन बसली आणि विचारलं, "दोन वर्षं?" मी मान हलवली. ती म्हणाली, "दोन वर्षं प्रत्येक काम पोट्टीवर टाकते म्हणून मी त्या माणसाले आळशी म्हणत होती." दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या झाल्या, सोळा भाज्या झाल्या, कढी झाली. आई सगळ्यांना वाढत होती, माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. तो राग बरोबर होता. मी अण्णांना सांभाळते आहे असं समजत होते, आणि तिच्यापासून मी तिचा नवरा लपवून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी परत निघालो. फियाट थोरल्या काकांच्या ट्रॅक्टरवाल्याने चालवायला घेतली, आणि मॉरिस बाळकाकाने. जन्मात पहिल्यांदा. गिअरसाठी त्याचा हात सारखा स्टिअरिंगच्या दांड्याकडे जाई, तिथे काही नसे, मग तो वाकून पायाजवळ चाचपे. पहिल्या मैलात त्याने तिला चारदा बंद पाडली, आणि अण्णा काही बोलले नाहीत. आई पुढे बसली होती, डावीकडचा हात तिने आपला आपण बाहेर काढला. अण्णा आणि मी मागे.

शहराच्या वेशीपाशी आलो तेव्हा अण्णा म्हणाले, "आता सांग."

मी सवयीने म्हटलं, "समोर ट्रक आहे."

"ते बाळ पाहीन. तू बाकी सांग. राजधानी झाली म्हणतात, कशी झाली?"

दोन वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर दिसत नाही हे बोलावं लागलं असतं. मी सांगू लागले. डिव्हायडरला काळे-पिवळे पट्टे मारले आहेत, मधल्या मातीत कण्हेर लावली आहे, ती अजून वीतभर आहे. खांबांवर दोन-दोन दिवे आले. नव्या इमारतींच्या काचा निळ्या आहेत. पोलिसांच्या टोप्या नव्या आहेत, आत डोकी जुनीच आहेत. ते ऐकत होते. मध्येच म्हणत, "कोणता निळा?" मी सांगे, कनाती असतात तसा. बाळकाका दोन वेळा नको तिथे हळू झाला, तोही ऐकत असावा.

मग अण्णांनी माझ्याकडे मान वळवली. सरळ नाही, थोडी तिरपी, कडेच्या नजरेत मला धरायला. पण गाडी हलत होती आणि मी त्या धुरातच राहिले असेन.

"सतरा वर्षांची होती तेव्हा नीट पाहिलं तुले," ते म्हणाले. "आता कशी दिसतेस?"

मी सवयीने समोर रस्त्याकडे पाहिलं. दोन वर्षं मी त्यांना गायी सांगितल्या होत्या. पुढच्या सीटवर आई दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे वळली, नीट पाहत राहिली, आणि मग त्यांना म्हणाली, "थांबा, मी सांगते."